रे डँड्रिजचे मेक्सिकोतले उन्हाळे

बेसबॉल हा आपला खेळ नाही, आणि शीर्षकातलं नाव बघून निम्मे लोक पुढे सरकले असतील. उरलेल्यांना सांगतो, ही गोष्ट खेळाची थोडी आणि एका साध्या प्रश्नाची जास्त आहे. एखाद्या माणसाला जास्त पगारासाठी आणि बऱ्या वागणुकीसाठी नोकरी सोडून दुसरीकडे जायचा हक्क असतो की नसतो? अमेरिकेसारख्या देशात, जिथे बाजारपेठेचा इतका जयघोष चालतो, तिथे बेसबॉल खेळाडूला हा हक्क जवळपास शतकभर नव्हता. काळ्या खेळाडूला तर मुळात दारच बंद होतं. आणि या दोन्ही गोष्टी उघड्या पडल्या त्या मेक्सिकोमुळे. हे वाचताना मला थोडी गंमतच वाटली होती.

रे डँड्रिज. जन्म १९१३, रिचमंड, व्हर्जिनिया. उंची साधारण पाच फूट सात इंच, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. जागा, थर्ड बेस.

ही जागा काय असते ते क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज जेव्हा चेंडू जोरात ओढतो, तेव्हा तो बहुतेक वेळा या माणसाच्या अंगावर येतो. तो फलंदाजापासून नव्वदेक फुटांवर उभा असतो. चेंडू सरपटत येतो, मध्येच उसळतो, आणि विचार करायला वेळ नसतो. तो अडवायचा, उचलायचा आणि मैदानाच्या पलीकडे १२७ फुटांवरच्या पहिल्या बेसकडे फेकायचा, तेही फलंदाज धावत तिथे पोचायच्या आत. आपल्याकडे शॉर्ट लेगला उभं राहणाऱ्याचं धाडस आणि कव्हरमधून थेट फेक करणाऱ्याचा हात, दोन्ही एकाच माणसात लागतात. डँड्रिजकडे दोन्ही होतं. त्याच्याबद्दल अमेरिकेत अजून सांगतात की त्याच्या दोन पायांमधून आगगाडी जाईल, पण चेंडू जाणार नाही.

फलंदाजीतही तो पक्का. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट घेऊन उभं राहिल्यावर तीनदा यश मिळालं, म्हणजे सरासरी .३०० पडली, की माणूस चांगला फलंदाज मानला जातो. मेक्सिकोतल्या सगळ्या हंगामांची डँड्रिजची सरासरी .३४७ च्या आसपास आहे.

पण तो मेक्सिकोत कसा गेला?

१९३३ मध्ये तो डेट्रॉइट स्टार्सकडून निग्रो लीगमध्ये उतरला. (त्या स्पर्धांचं अधिकृत नावच ते होतं, म्हणून तसंच लिहितोय.) मग न्यूअर्कला आला. तीसच्या दशकाच्या शेवटी न्यूअर्क ईगल्सकडे पहिल्या बेसवर म्यूल सटल्स, दुसऱ्यावर डिक सी, शॉर्टस्टॉपला विली वेल्स आणि तिसऱ्या बेसवर डँड्रिज अशी फळी होती. लोक तिला दहा लाख डॉलरची फळी म्हणत. यातली मेख अशी की हे चौघं गोरे असते तर त्यांची किंमत दहा लाख झाली असती, असा त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात ते बसमधून रात्रभर प्रवास करायचे, दक्षिणेतल्या गावांत हॉटेलच्या मागच्या दारातून जेवणाची पाकिटं घ्यायचे, आणि पगार महिन्याला काहीशे डॉलरच्याही आत असायचा. न्यूअर्कच्या मालकीणबाई एफा मॅनली हुशार आणि लढाऊ होत्या, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. पण त्यांचा धंदाही तुटपुंज्या तिकिटांवर चालत होता. त्या देणार तरी किती?

तेव्हा, १९४० च्या उन्हाळ्यात, मेक्सिकोतून होर्खे पास्केल नावाचा माणूस आला. आला म्हणजे त्याची माणसं आली, पैसे घेऊन.

पास्केल वेराक्रूझचा. घरचा धंदा जकातीच्या दलालीचा, बंदरात येणाऱ्या मालावर चालणारा. पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झालेला मिगेल आलेमान त्याचा जुना दोस्त. म्हणजे पैसा, बंदर आणि सत्ता तिन्ही हाताशी. मेक्सिकन लीग १९२५ पासून चालू होती, पण पास्केलने तिच्यात पाणी सोडल्यासारखा पैसा सोडला. त्याचा संघ ‘असुलेस दे वेराक्रूझ’, म्हणजे वेराक्रूझचे निळे. नाव वेराक्रूझचं आणि खेळायचे मेक्सिको सिटीत, पार्के डेल्टा मैदानावर. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, चेंडू लांब जातो, पिचरचा दम लागतो आणि फलंदाजाची चंगळ.

१९४० आणि १९४१ ही दोन्ही विजेतेपदं असुलेसची. त्या संघांतली नावं बघा: डँड्रिज, विली वेल्स, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, क्युबाचा मार्टिन दिहिगो. हे पाचही जण आज अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अमेरिकेतल्या एकाही मोठ्या मैदानावर, मोठ्या लीगच्या सामन्यात, यातल्या एकालाही कधी पाय ठेवता आला नाही. मेक्सिको सिटीतला प्रेक्षक मात्र काही पेसो देऊन त्यांना बघत होता.

इथे विली वेल्सबद्दल थांबून सांगितलंच पाहिजे. तो टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, डँड्रिजपेक्षा सात वर्षांनी मोठा. मेक्सिकोत त्याला ‘एल दियाब्लो’, सैतान म्हणत. डोक्याला चेंडू लागल्यावर बांधकामावरच्या मजुराचं हेल्मेट घालून फलंदाजीला उतरणारा हाच. १९४४ मध्ये पिट्सबर्ग कुरियर या काळ्या वाचकांच्या वृत्तपत्राचा पत्रकार वेंडेल स्मिथ त्याला भेटला. वेल्सने न्यूअर्क सोडून पुन्हा मेक्सिको का धरलं याबद्दल अमेरिकेत कुजबुज चालू होती, पैशासाठी गेला वगैरे. वेल्सने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: मी पैशावरून भांडून आलो नाही. तिथे मी आधी काळा असतो आणि त्याप्रमाणे वागावं लागतं. इथे मी माणूस आहे. वाटेल त्या हॉटेलात जेवतो, परवडेल तिथे राहतो, आणि खेळपट्टूच्या मापाने मला मोजतात.

लक्षात घ्या, साल १९४४. अमेरिका तेव्हा हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढत होती. आणि तिचा एक नागरिक वर्तमानपत्रात सांगत होता की लोकशाही मला मेक्सिकोत भेटली.

याच युद्धाच्या काळातला एक किस्सा क्विन्सी ट्रूप या कॅचरने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. त्याला आणि थिओलिक स्मिथ या पिचरला १९४३ मध्ये मेक्सिकोत जायचं होतं, पण लष्करभरतीच्या नियमांमुळे देश सोडायची परवानगी मिळेना. मग मेक्सिकन अधिकारी घरी आला आणि म्हणाला की आम्ही तुमच्या देशाला ऐंशी हजार मजूर उसने दिलेत, त्या बदल्यात दोन बेसबॉल खेळाडू मागितलेत. या ओझरत्या वाक्यामागे ब्रासेरो करार आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या या करारानुसार मेक्सिकन शेतमजूर अमेरिकेत पिकं काढायला जाऊ लागले. ऐंशी हजारांना दोन हा हिशेब ट्रूपच्या सांगण्यातला आहे, सरकारी दप्तरातला नव्हे. पण त्याला तो हिशेब आयुष्यभर लक्षात राहिला, यात नवल नाही. त्याच्या देशात त्याची किंमत एवढी कुणी लावलीच नव्हती.

आता मेक्सिको म्हणजे स्वर्ग होता असा समज करून घेऊ नका. फेसबुकवर अशा गोष्टी फिरतात तेव्हा एक देश राक्षस आणि दुसरा देव होतो, आणि तिथेच मला खटकतं. याच मेक्सिकोच्या गृहखात्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत गोपनीय परिपत्रकं काढून काळ्या लोकांच्या स्थलांतरावर निर्बंध घातले होते. म्हणजे बॅट घेऊन आलेल्या काळ्या माणसाचं स्वागत, आणि पोट भरायला आलेल्याला सीमेवर नकार. पास्केलही काही समाजसुधारक नव्हता. डँड्रिजचा एक किस्सा सांगतात: पगारवाढ मिळेना म्हणून तो वैतागून घरी जायला आगगाडीत बसला, तर वाटेत सैनिकांनी गाडी अडवली आणि त्याला पास्केलसमोर आणून उभं केलं. त्याला वाटलं आता तुरुंग. पास्केलने मागितले तेवढे पैसे मान्य केले! ऐकायला मजेदार आहे. पण खेळाडूसाठी आगगाडी थांबवू शकणारा मालक उद्या त्याच सैनिकांकडून दुसरंही काही करवून घेऊ शकतो, हे मनात येतंच.

तरीही डँड्रिज आठ हंगाम तिथे खेळला. १९४० ते १९४३ सलग. १९४४ ला न्यूअर्कला परत. मग १९४५ ते १९४८ पुन्हा मेक्सिको. हिवाळ्यात क्युबा. बायकामुलांना सोबत नेता यायचं, राहायला घर मिळायचं. १९४८ मध्ये त्याने लीगचा फलंदाजीचा किताब घेतला, तेव्हा तो पस्तिशीला आलेला होता.

(थोडं विषयांतर. मेक्सिको म्हटलं की मला वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आठवतात. गदरवाले क्रांतिकारक, इंग्रजांच्या राज्यात परतायची सोय नाही, म्हणून विसाच्या दशकात मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर संशोधन करणारे प्राध्यापक झाले. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात घेतलं. डँड्रिज पार्के डेल्टावर सरपटी चेंडू उचलत होता तेव्हा आपले खानखोजेही त्याच देशात होते. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण आपल्या देशात नाकारलेली माणसं तिथे कामाला लागली होती, एवढं खरं.)

आता १९४६. इथून ही गोष्ट वंशाची राहत नाही, मालक आणि कामगारांची होते.

काळे खेळाडू डझनांनी मेक्सिकोत जात होते तोवर अमेरिकेच्या मेजर लीगला त्याचं काहीच नव्हतं. बोंब मारत होते ते फक्त निग्रो लीगचे मालक. होमस्टेड ग्रेजने तर जॉश गिब्सनवर दहा हजार डॉलरचा दावा ठोकला होता, घरावर जप्ती येईल म्हणून तो १९४२ ला परत आला. पण १९४६ मध्ये पास्केलने गोऱ्या खेळाडूंना गळ टाकला. ब्रुकलिनचा कॅचर मिकी ओवेन, सेंट लुईसचा पिचर मॅक्स लॅनिअर, न्यूयॉर्क जायंट्सचा सॅल मॅग्ली आणि डॅनी गार्डेला असे दीडेक डझन लोक निघाले. व्हर्न स्टीफन्स हा नावाजलेला शॉर्टस्टॉप गेला आणि काही दिवसांत परत पळाला. स्टॅन म्यूझियलसमोर रोख पन्नास हजार डॉलर मांडले गेले, त्याने नाही म्हटलं. बेब रूथ पाहुणा म्हणून मेक्सिकोत जाऊन आला. अमेरिकन वर्तमानपत्रांनी दरोडा पडल्यासारखा गहजब केला.

खरं तर दरोडा कसला? जास्त पगार देऊन माणूस नेणं याला आपण नोकरी बदलणं म्हणतो. पण तिथल्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम असायचं. त्याचा अर्थ असा की वर्षाचा करार संपला तरी पुढच्या वर्षी खेळाडू त्याच क्लबचा. पुढच्या वर्षाच्या करारातही तेच कलम. म्हणजे एकदा सही केली की निवृत्तीपर्यंत. मालक त्याला विकू शकतो, काढू शकतो, पगार कापू शकतो. तो फक्त खेळणं सोडू शकतो. आणि १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापार नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नाही. रेल्वेने सामान नेणारा, तिकिटं विकणारा धंदा, पण व्यापार नाही! असो.

बेसबॉलचे आयुक्त हॅपी चँडलर यांनी मेक्सिकोत गेलेल्यांवर पाच वर्षांची बंदी घातली. परत आलेल्या गार्डेलाला अमेरिकेत धड कुठेही खेळता येईना. तेव्हा तो कोर्टात गेला. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्याचा दावा चालवण्याजोगा आहे असं ठरवलं. त्यातले न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी तर रिझर्व्ह क्लॉजची तुलना वेठबिगारीशी केली. इंग्रजीतला त्यासाठीचा शब्द ‘पीओनेज’. तो आला स्पॅनिशमधून, आणि अमेरिकेच्या कायद्यात शिरला १८६७ मध्ये, न्यू मेक्सिकोतली कर्जबाजारी मजुरांची वेठ बंद करताना. मेक्सिकोच्या मातीतला शब्द मेक्सिकोत पळून गेलेल्या खेळाडूच्या खटल्यात असा परत आला. मालक घाबरले. त्याच वर्षी जूनमध्ये बंदी उठली, आणि गार्डेलाशी पैसे देऊन तडजोड झाली. निकाल लागायचा राहिला तो राहिलाच. ते कलम प्रत्यक्षात मोडायला १९७५ साल उजाडलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधला रंगभेद मोडला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधीच्या वर्षी, १९४६ च्या उन्हाळ्यात, मेजर लीगमधले गोरे खेळाडू, त्यात मिसुरी आणि कॅरोलिनाकडचेही, मेक्सिकोत काळ्या अमेरिकन आणि क्युबन खेळाडूंच्या बरोबर आणि विरुद्ध खेळत होते. एकच लीग, एकच मैदान, एकच पगाराची खिडकी. आकाश कोसळलं नाही. गोरे प्रेक्षक आणि खेळाडू हे सहन करणार नाहीत, हा मालकांचा वर्षानुवर्षांचा युक्तिवाद तिथे रोज खोटा पडत होता. फक्त तो सीमेपलीकडे पडत होता, म्हणून मोजला गेला नाही.

पास्केलचा पैसा आटला. १९४८ नंतर त्याने हात काढून घेतला, आणि १९५५ मध्ये विमान अपघातात तो गेला.

डँड्रिजला १९४७ मध्ये क्लीव्हलंडच्या बिल व्हीकने बोलावलं होतं. त्याने नकार दिला. सहीचे वेगळे पैसे मिळणार नव्हते आणि पास्केलने त्याला चांगलं वागवलं होतं, असं तो नंतर सांगायचा. याला काही लोक चूक म्हणतात. मला नाही वाटत. चौतिशीच्या बापाने हातातली इतक्या वर्षांची भाकरी सोडून एका तोंडी आश्वासनामागे का जावं? ज्यांनी पंधरा वर्षं दार बंद ठेवलं त्यांनी किलकिलं केल्याबरोबर त्याने धावत यायला हवं होतं, ही अपेक्षाच मला उद्धट वाटते.

१९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला घेतलं आणि आपल्या दुय्यम संघात, मिनियापोलिस मिलर्समध्ये पाठवलं. कागदावर त्याचं वय काही वर्षं कमी होतं, खरं वय पस्तीस. पहिल्याच हंगामात .३६२, आणि अमेरिकन असोसिएशनचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू! नवोदित. सोळा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळलेला माणूस. पुढच्या वर्षी त्याच लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. १९५१ मध्ये .३२४. जायंट्सनी वर बोलावलं नाही. वय हे कारण होतंच, पण वरच्या संघात एका वेळी किती काळे खेळाडू ठेवायचे याचा अलिखित हिशेबही तेव्हा बरेच क्लब करत.

त्याच १९५१ च्या वसंतात मिनियापोलिसला एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. डँड्रिजने त्याला सांभाळून घेतलं, खेळातलं चार गोष्टी सांगितल्या. मुलाने ३५ सामन्यांत .४७७ काढले आणि मे महिन्यात जायंट्सनी त्याला न्यूयॉर्कला नेलं. तो विली मेज. डँड्रिजचे उपकार त्याने पुढे जाहीरपणे मान्य केले.

डँड्रिज मिनियापोलिसलाच राहिला. नंतर पश्चिम किनाऱ्यावर थोडा खेळला, मग नॉर्थ डाकोटात, मग खेळ संपला. न्यूअर्कमध्ये बारमध्ये काम केलं, मुलांसाठीचं क्रीडाकेंद्र सांभाळलं. त्याची मागणी फार मोठी नव्हती. एक दिवस, फक्त एक दिवस मेजर लीगच्या मैदानात पाय ठेवू द्यायला हवा होता, असं तो म्हणायचा.

१९८७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ७३ वर्षांचा असताना. भाषणात त्याने आभार मानले आणि इतका उशीर का लागला हेही विचारून घेतलं. १९९४ मध्ये तो गेला.

मग डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग आता मेजर लीग धरल्या जातील. मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले, आणि जॉश गिब्सन .३७२ ने टाय कॉबच्या वर गेला. त्या हिशेबाने डँड्रिजही आता मेजर लीगचा खेळाडू आहे, १९३३ पासून. मेक्सिकन लीग या निर्णयात नाही. त्यामुळे त्याच्या नावासमोर डेट्रॉइट आणि न्यूअर्कचे हंगाम दिसतात, १९४४ चा एक दिसतो, आणि ज्या आठ उन्हाळ्यांत तो त्याच्या खेळाच्या भरात होता, पगार वेळेवर घेत होता आणि घरच्यांसोबत समोरच्या दाराने हॉटेलात जात होता, त्या जागा अधिकृत नोंदीत रिकाम्या आहेत.